उद्याची यंत्रे आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘विज्ञान आणि उद्याचे जीवन’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीस साहेबांनी सुचवले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मुलांना मराठी आणि इतिहास शिकवणारा मी एक साधा शिक्षक. परंतु साहेब म्हणाले, “यंत्रे विकणारे काय म्हणतात ते आम्ही रोज ऐकतो. इतिहास शिकवणारा माणूस काय म्हणतो, ते एकदा ऐकू.” या शब्दापुढे माझे काही चालले नाही. म्हणून आज मी यंत्रांच्या अंतरंगात शिरणार नाही. उद्या काय होणार याविषयी मोठमोठ्या माणसांनी पूर्वी काय काय भाकिते केली, त्यांतली कोणती खरी ठरली, कोणती फसली, आणि त्यावरून तुम्ही-आम्ही आपल्या घरापुरता कोणता धडा घ्यायचा, एवढेच सांगणार आहे.

सुरुवात माझ्याच धंद्यापासून करतो. विजेचा दिवा घरोघर नेणारा आणि बोलपटाच्या आधी मूकपटाचे यंत्र तयार करणारा थॉमस एडिसन तुम्हाला पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक आहेच. या एडिसनने १९१३ साली एका मुलाखतीत सांगितले होते की, शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील, सर्व ज्ञान मुलांना चित्रपटांतून डोळ्यांवाटे मिळेल, आणि दहा वर्षांच्या आत शिक्षणाची पद्धत पार बदलून जाईल. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. मधल्या काळात रेडिओ आला, दूरदर्शन आले, संगणक आला. आणि तरीही जून महिन्यात पालक मंडळी पुस्तकांच्या दुकानासमोर रांग लावतात आणि दप्तराच्या ओझ्याची तक्रार आमच्याकडे करतात, हे तुम्ही जाणताच!

मग एडिसन अगदीच चुकला काय? तसेही म्हणता येत नाही. आज दहावीचा विद्यार्थी भूमितीचे एखादे प्रमेय अडले की मोबाइलवर चित्रफीत लावतो आणि समजून घेतो. पडद्यावरून शिकता येते हे एडिसनने बरोबर ओळखले. फक्त पडदा आला म्हणजे पुस्तक जाईल आणि शिक्षक जाईल, हा त्याचा हिशेब चुकला. यंत्र ओळखण्यात तो जिंकला आणि माणूस ओळखण्यात हरला.

आता १९६४ सालाकडे येऊ. त्या वर्षी न्यूयॉर्क शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. ते पाहून विज्ञानकथा लिहिणारे आयझॅक असिमोव्ह यांनी एक लेख लिहिला आणि पन्नास वर्षांनी, म्हणजे २०१४ साली, जग कसे असेल याचे वर्णन केले. दूरध्वनीवर बोलताना समोरच्याचा चेहरा दिसेल, त्याच पडद्यावर कागदपत्रे, छायाचित्रे आणि पुस्तकातील मजकूरही वाचता येईल, असे त्यांनी लिहिले. हे तंतोतंत खरे झाले. यंत्रमानव तयार होतील, पण २०१४ मध्ये ते फारसे सर्रास नसतील आणि फार चांगलेही नसतील, असेही त्यांनी लिहिले, तेही बरोबर निघाले. परंतु घरातील सगळी उपकरणे तारेवाचून चालतील आणि त्यांत किरणोत्सारी द्रव्याच्या, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या बॅटऱ्या असतील, हे त्यांचे भाकीत फसले. आणि त्याहून मोठे एक भाकीत फसले. ते म्हणाले होते, यंत्रेच सगळे काम करू लागल्यामुळे माणसाला करायला काही उरणार नाही आणि कंटाळा हा मोठा रोग होऊन बसेल. येथे बसलेल्या माझ्या माताभगिनींना मी विचारतो, काम उरले नाही म्हणून कंटाळा आला, अशी तक्रार आपल्यापैकी कोणाची आहे काय?

त्याच १९६४ साली आर्थर क्लार्क यांनी लंडनच्या बीबीसी दूरचित्रवाणीवर भाषण केले. हे क्लार्क म्हणजे सामान्य असामी नव्हे. पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहांच्या साह्याने साऱ्या जगाशी संपर्क साधता येईल, असे त्यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवले होते. १९६४ च्या भाषणात ते म्हणाले की, पन्नास वर्षांनी माणूस ताहिती किंवा बाली बेटावर राहून लंडनइतकाच सुखाने आपला व्यवसाय करील. ते खरे झाले. परंतु त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले की, हुशार माकडांची नवी जात तयार करून घरकामाला नोकर म्हणून ठेवता येईल; अर्थात ती माकडेही पुढे आपली कामगार संघटना काढतील आणि आपण पुन्हा होतो तिथेच येऊ! हा विनोद होता हे उघड आहे. पण त्यातील एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसाला पृथ्वीभोवती उपग्रह फिरवणे सोपे वाटले, पण घरातील भांडी कोण घासणार या प्रश्नावर त्याला माकडाशिवाय दुसरे उत्तर सुचले नाही.

उपग्रहाचे भाकीत मात्र आपल्या देशात फार लवकर उतरले. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने आपल्या शास्त्रज्ञांनी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवले. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंब अशा विषयांवर ते कार्यक्रम असत. गावात संच एक आणि पाहणारे सारे गाव, असा तो काळ. उपग्रह खेड्यातील मुलाला शिकवील ही त्या वेळची आशा होती. पुढे दूरदर्शन घरोघर गेले. त्याचा उपयोग आपण शिकण्यासाठी किती केला आणि मालिका पाहण्यासाठी किती केला, हे मी सांगण्याची गरज नाही.

यावरून पहिला धडा असा दिसतो की, यंत्र काय करू शकते हे जाणत्या माणसाला पुष्कळदा आधी कळते. पण लोक त्याचे काय करतील हे मात्र यंत्र घरात शिरल्याशिवाय कळत नाही.

याचे एक उदाहरण माझ्या आजोळचे आहे. माझे मामू ऐंशीच्या दशकात आखातात नोकरीला होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतून तेव्हा माणसे तिकडे गेली. सुट्टीवर येताना त्यांनी टू-इन-वन आणला, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र. तो बनवणाऱ्यांनी गाणी ऐकण्यासाठी बनवला होता. पण माझ्या नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाला पत्र धाडायचे तर शेजारच्या शिकलेल्या पोराला बोलवायचे, त्याला चहा द्यायचा आणि चार लोकांदेखत मजकूर सांगायचा. मनातले बोलणे अशा पत्रात कसे उतरणार? टू-इन-वन आल्यावर अम्मीने तिला तांबडे बटण दाबायला शिकवले. नानी दार लोटून घेई आणि एकटी बसून कॅसेटशी बोले. पाऊस किती झाला, गाय व्याली की नाही, सुनेशी काय बिनसले, सगळे सांगे. गावातला कोणी तिकडे निघाला की त्याच्याबरोबर ती कॅसेट जाई आणि दोन-तीन महिन्यांनी मामूंच्या आवाजाची कॅसेट परत येई. टेपरेकॉर्डर म्हणजे न शिकलेल्या आईचे पत्र होईल, असे भाकीत कोणत्याही पंडिताने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

चेहरा दाखवणाऱ्या दूरध्वनीचेही असेच. अमेरिकेतील एका बड्या कंपनीने तो १९६४ च्या त्याच प्रदर्शनात मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात विक्रीला काढला. दरमहा १६० डॉलर भाडे होते. मोठमोठ्या कचेऱ्या तो घेतील अशी अपेक्षा होती, पण गिऱ्हाईक मिळेना आणि काही वर्षांत तो गुंडाळावा लागला. आज तीच सोय मोबाइलवर आली आहे. परदेशातल्या मुलाचा चेहरा पाहिल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, अशा आया आपल्या मोहल्ल्यात किती आहेत ते मोजून पाहा. कचेरीतल्या साहेबाला जे नको होते, ते आईला हवे होते.

आता मी दुसऱ्या आणि अधिक महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. यंत्रे वेळ वाचवतात असे आपण नेहमी म्हणतो. मग तो वाचलेला वेळ जातो कोठे?

जॉन मेनार्ड केन्स या प्रख्यात अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली लिहिले की, शंभर वर्षांनी माणसाला आठवड्यातून पंधरा तास काम केले तरी पुरेल. ती शंभर वर्षे २०३० मध्ये पुरी होतील. संपत्ती वाढली, यंत्रे वाढली, पण पंधरा तासांत आठवडा संपवणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. घरातील यंत्रांबद्दल रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवून दिले की, चूल जाऊन शेगडी आली तेव्हा लाकडे फोडण्याचे पुरुषांचे काम संपले, पण स्वयंपाकाचे बाईचे काम तसेच राहिले. कपडे धुण्याचे यंत्र आले तेव्हा धोबी गेला आणि कपडे मात्र पूर्वीपेक्षा अधिक वेळा धुतले जाऊ लागले. कष्ट कमी झाले, पण घरच्या बाईचा वेळ मोकळा झाला नाही.

हे आपल्याही घरी ताडून पाहा. जाते गेले आणि गिरणी आली, पाटा-वरवंटा गेला आणि मिक्सर आला, चूल गेली आणि गॅस आला. हे फार चांगले झाले. धुराने डोळे गेलेल्या बाया मी लहानपणी पाहिल्या आहेत. पण मिक्सर आला म्हणून रोज ताजे वाटण हवे झाले, गॅस आला म्हणून दर माणसाला वेगळ्या वेळी गरम जेवण हवे झाले. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी करून माणसे आपला वेळ कसा घालवतात ते नोंदवले. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि असे घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सुमारे सव्वीस! यंत्राने वाचवलेला वेळ घरात कोणाच्या वाट्याला आला, ते या आकड्यांवरून कळते.

मित्रहो, वाचलेला वेळ कोणाला मिळणार हा प्रश्न एका बाईने फार पूर्वी विचारला होता. बेगम रुकैया सखावत हुसैन हे त्यांचे नाव. आपल्या मुलींना हे नाव ठाऊक असलेच पाहिजे. १८८० साली आजच्या बांगलादेशातील रंगपूर भागात त्यांचा जन्म झाला. मुलींना शाळेत घालण्याची त्या घरात रीत नव्हती. थोरल्या भावाने रात्री घरची माणसे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा छापून आली. त्या कथेत स्त्रियांनी चालवलेला एक देश आहे. तेथे सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, त्यामुळे स्वयंपाकघरात ना धूर ना कोळसा. ढगांतून नळाने पाणी उतरवले जाते. माणसे हवेतून जाणाऱ्या गाडीत बसून प्रवास करतात. विमानाचा शोध लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्या वेळची ही कल्पना आहे.

पण मला या भाकितांपेक्षा त्यांमागचा विचार मोठा वाटतो. एडिसनने विचारले, यंत्र काय करील? असिमोव्हने विचारले, यंत्र कसे दिसेल? रुकैया बेगमने विचारले, या यंत्रामुळे घरातून कोणाची सुटका होईल आणि सुटका झालेली मुलगी पुढे काय शिकेल? त्यांच्या कथेत आधी मुलींसाठी विद्यापीठे निघतात आणि मग त्या विद्यापीठांतून ही यंत्रे बाहेर येतात. आणि केवळ कथा लिहून त्या थांबल्या नाहीत. पतीच्या निधनानंतर १९०९ मध्ये भागलपूरला पाच मुलींना घेऊन त्यांनी शाळा काढली आणि १९११ मध्ये कलकत्त्याला आठ मुलींवर ती पुन्हा सुरू केली. पालकांच्या दारोदार जाऊन त्यांनी मुली जमवल्या.

त्या शाळेच्या मोटारीची हकीगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पडदा राहावा म्हणून मोटार चोहोबाजूंनी इतकी बंद केली होती की, आत अंधार आणि उकाडा यांमुळे मुलींना घेरी येऊ लागली. मग बाजू उघडून कापडी पडदे लावले. तेव्हा हे पडदे वाऱ्याने उडतात, अशी तक्रार करणारी पत्रे शाळेकडे आली. मोटार हे त्या काळातले नवे यंत्र. ते मुलींच्या शाळेपर्यंत आले. पण मुलीने त्यात बसून मोकळा श्वास घ्यायचा की नाही, हे ठरवणे यंत्राच्या हाती नव्हते. ते माणसांच्या हाती होते.

आता मी माझ्या स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण आजच्या विषयाचे सार तीतच आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. आता शाळा मोबाइलवर भरणार असे ठरले. जे घडायला पंचवीस वर्षे लागली असती ते एका महिन्यात घडले, असे वर्तमानपत्रांतून लिहून येत होते आणि मलाही त्याचा उत्साह वाटत होता. माझ्याकडे नववीचा वर्ग होता. शाळेचे जुने वेळापत्रक समोर ठेवून मी रोज सकाळी अकरा वाजता धडा पाठवीत असे. बारा वाजेपर्यंत ‘हजर’ असा निरोप आला नाही की गैरहजरीची खूण. माझा तक्ता अगदी नीटनेटका असे.

वर्गात एक हुशार मुलगी होती. निबंधात नेहमी पहिली. तिच्या नावापुढे गैरहजरीच्या खुणा वाढत गेल्या. मला वाटले, मुलीचे लक्ष उडाले. मी एकदोनदा ताकीदही धाडली. शाळा पुन्हा भरू लागल्यावर ती आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. घरात फोन एकच. वडील टेम्पो चालवतात, त्यांच्यासोबत तो पहाटे जाई आणि रात्री नऊला परत येई. मग थोरल्या भावाचे कॉलेजचे तास तो पाहत असे. भावाचे आटोपेपर्यंत साडेदहा वाजत आणि तोवर फोनची बॅटरी संपलेली असे. वडील मला म्हणाले, “सर, फोन घरी ठेवला तर भाडे कसे मिळणार?” त्यांचे खोटे नव्हते. भाऊही अभ्यासच करत होता. आणि आई आतून म्हणाली, “वर्षभर तुमच्या वहीत ती गैरहजरच होती ना, सर? मग आता पाठवून काय करायचे?”

मला उत्तर देता आले नाही. कारण ती वही माझी होती. फोन घरी कधी असतो, एवढा एक साधा प्रश्न मी त्या बाईंना वर्षभरात विचारला नव्हता. ती मुलगी शाळेत परत आली नाही.

त्यानंतर मी चौकशी करू लागलो, तेव्हा ही एकाच घराची गोष्ट नाही हे कळले. ‘असर’ या नावाने ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी दरवेळी प्रसिद्ध होते. २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ३६ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये सुमारे ६७ मुलांच्या घरी तो आला. केवढी ही प्रगती! पण ज्यांच्या घरी तो होता, अशा मुलांपैकीही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो हाताळायला मिळतच नव्हता. २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची नोंद आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडे. यंत्र घरात आले म्हणजे ते घरातल्या प्रत्येकाच्या हातात आले, असे होत नाही.

याच्या उलट एक उदाहरण देतो. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना काढली. सायकल हे काही नवे यंत्र नव्हे. तिला शंभर वर्षे केव्हाच होऊन गेली. पण कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या योजनेमुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. जुनेच यंत्र, पण ते नेमके मुलीच्या नावाने दिले गेले, म्हणून गावाचे चित्र बदलले.

आता पुढे काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी भाकितांचा पाऊस पडतो आहे. पालक मला विचारतात, “सर, आमच्या मुलाने शिकून उपयोग काय? पुढे सगळे यंत्रच करणार म्हणतात.” त्यांना मी एक गोष्ट सांगतो. जेफ्री हिंटन हे या विद्येतील पितामह. त्यांना २०२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी २०१६ मध्ये सांगितले होते की, क्ष-किरणांची चित्रे पाहून निदान करणारे डॉक्टर तयार करणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र ते काम अधिक चांगले करील. पाच वर्षे केव्हाच होऊन गेली. यंत्रे मदतीला आली, पण त्या डॉक्टरांची गरज संपलेली नाही. ज्याने ते यंत्र घडवले त्यालाच त्याची घडी सांगता आली नाही. मग चौकात ऐकलेल्या भाकितावर आपल्या मुलाची शाळा का सोडवायची?

मी स्वतः फार मोठे भाकीत करणार नाही. दोनच गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे, यंत्राशी मराठीत किंवा उर्दूत बोलून काम करून घेणे दिवसेंदिवस सोपे होत जाईल. न शिकलेल्या माणसाची त्यामुळे मोठी सोय होईल, माझ्या नानीची टेपरेकॉर्डरमुळे झाली तशी. पण यंत्राने सांगितलेले खरे की खोटे हे ज्याला वाचून पडताळता येणार नाही, त्याची फसवणूकही तितकीच सोपी होईल. म्हणून वाचता येण्याची किंमत कमी होणार नाही, वाढेल. दुसरी गोष्ट, निबंध आणि गृहपाठ यंत्राकडून लिहून आणता येईल. तो आजच येतो आहे. तेव्हा वहीत काय लिहिले यापेक्षा, समोर उभे राहून स्वतःच्या शब्दांत काय सांगता येते, याला महत्त्व येईल.

पालक बंधुभगिनींनो, आपणास माझी चारच मागणी आहेत.

पहिली, घरात फोन एक असो की चार, त्याचे वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि त्यात मुलीचा एक तास ठरवून द्या. तो तास पाहुणे आले तरी मोडू नका.

दुसरी, नवे यंत्र घरात आणाल तेव्हा किमतीबरोबर आणखी एक हिशेब करा. याने कोणाचा वेळ वाचणार, आणि तो वेळ त्या व्यक्तीला मिळणार की नव्या कामात जाणार? धुण्याच्या यंत्राने मुलीचा अर्धा तास वाचला, तर तो अर्धा तास अभ्यासाला गेला की नाही ते बघा. आणि ते यंत्र चालवायला मुलालाही शिकवा. बटण दाबायला मुलगीच लागते असे कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले नाही.

तिसरी, आयांनी फोनला भिऊ नये. पैसे पाठवणे, निकाल पाहणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे हे मुलांकडून एकदा शिकून घ्या. शिकवण्यात मुलांनाही आनंद वाटतो.

चौथी, रात्री जेवताना मुलांना विचारा, “आज काय शिकलास ते फोन बाजूला ठेवून सांग.” तुम्ही स्वतः शिकलेले नसलात तरी चालेल. मुलाला सांगता आले तर ते त्याला आले आहे, अडखळला तर अजून आलेले नाही, एवढे कोणत्याही आईबापांना कळते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून मला एकच हवे आहे. घरातला फोन तुमच्या हाती असेल, तर आपली बहीण आज अभ्यासाला केव्हा बसली, ते तिला विचारा. रुकैया बेगमला इंग्रजी शिकवणारा तिचा भाऊच होता, आणि त्याच्यापाशी यंत्र म्हणून काय होते? एक मेणबत्ती.

आम्हा शिक्षकांनाही यातून सुटका नाही. आता वर्षाच्या सुरुवातीला माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे मी एक रकाना अधिक आखतो: घरी फोन केव्हा असतो? ज्यांच्याकडे रात्री असतो त्यांना रात्री पाठवतो. ज्यांच्याकडे नसतो त्यांच्यासाठी छापील कागद शाळेच्या कपाटात ठेवतो. काम थोडे वाढले आहे. पण तो रकाना मी २०२० मध्येच आखला असता, तर आज या मंडपात आणखी एक मुलगी बसलेली असती.

 

जयहिंद, जय महाराष्ट्र.